काटकसरवाल्यांना मत दिलं, मग खर्च का वाढला?

आलेलं पत्र (थोडं कापून):

ताई नमस्कार, मी 1996 ला एच-वनवर अमेरिकेत आलो, मग ग्रीन कार्ड, 2004 च्या उन्हाळ्यात सिटिझन झालो आणि त्याच नोव्हेंबरमध्ये पहिलं मत टाकलं, बुशला. तेव्हापासून राष्ट्राध्यक्षपदासाठी एकदाही रिपब्लिकन पक्ष सोडला नाही. कारण एकच, सरकारने ऋण काढून सण करू नये. मी स्वतः अकाउंटंट आहे, आमच्या घरात क्रेडिट कार्डाचं बिल एक महिनासुद्धा मागे राहिलेलं नाही. यंदा थँक्सगिव्हिंगला मुलगी घरी आली (वय 26), जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हणाली बाबा, तुम्ही ज्यांना काटकसरी म्हणता त्यांच्या काळात खर्च किती वाढला ते बघा, रेगनपासून सगळा चार्ट केलाय मी. मी भडकलो, हे आकडे फेक आहेत म्हणालो, ती उठून वर गेली, जेवणाचा पार विचका. बायको म्हणते तूच माफी माग. रात्री मी ते आकडे तपासले तर बरोबर निघाले. मी 20 वर्षं फसवला गेलो का? असं होतं तरी का? पोरीशी काय बोलू? आणि पुढच्या वेळी मत देताना बघायचं काय? दोन वर्षांत मी 65 चा होईन, अजून किती निवडणुका बघणार मी.
तुमचा, एक हिशेबी बाप, न्यू जर्सी

दादा,

वहिनी बरोबर बोलतायत, पण माफीचं शेवटी बघू. आधी आकड्यांचं बोलू, कारण तुम्ही अकाउंटंट आहात आणि आकड्यांवर तुमचं समाधान झाल्याशिवाय बाकीचं तुमच्या डोक्यात शिरणार नाही हे पत्रावरूनच कळतंय.

पोरीने जे काढलंय ते कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवरचं नसणार. व्हाइट हाउसचं बजेट ऑफिसच जुन्या वर्षांचे तक्ते ठेवतं, कुणीही उतरवून घ्यावेत. त्यात 1981 च्या रकान्यात फेडरल सरकारचा खर्च आहे 678 बिलियन डॉलर. हे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन आले ते वर्ष, 20 जानेवारीला शपथ घेऊन ते म्हणाले की आत्ताच्या संकटावर सरकार हा उपाय नाही, सरकार हाच प्रॉब्लेम आहे. आता 1989 चा रकाना बघा, 1,144 बिलियन. शिक्षण खातं बंद करणार होते, ऊर्जा खातं बंद करणार होते, ते गेले तेव्हा दोन्ही खाती जागच्या जागी होती, उलट जाता जाता माजी सैनिकांच्या खात्याला कॅबिनेटचा दर्जा देऊन गेले. लष्कराचा खर्च 157 बिलियनवरून 300 च्या वर गेला. आणि त्यांचे बजेट डायरेक्टर होते डेव्हिड स्टॉकमन, वय 34, हुशार माणूस, त्यांना आकडे जुळवता येईनात तेव्हा त्यांनी बजेटमध्ये एक ओळ घातली की इतकी बचत करायची आहे, कुठून ते नंतर सांगू. तिला लोक मॅजिक ॲस्टेरिस्क म्हणायला लागले. तुमच्या क्लायंटने ताळेबंदात अशी ओळ घातली तर तुम्ही सही कराल का? नाही ना. तिथे झाली सही.

पण आता पोरीच्याही चार्टमध्ये थोड्या चुका आहेत आणि त्या तिला प्रेमाने दाखवता येतील. एक तर तिने नुसते डॉलर घेतलेत असं तुमच्या पत्रावरून वाटतंय, महागाई काढलेली नाही. रेगनच्या आठ वर्षांत महागाई साधारण 36 टक्के झाली, ती वजा केली तर खर्चातली खरी वाढ पाव हिस्सा वगैरे उरते, म्हणजे चार्टवर दिसते तेवढी उंच नाही. दुसरं, देशाचं एकूण उत्पन्न पण वाढतंच असतं, त्याच्या प्रमाणात बघितलं तर रेगनच्या शेवटी खर्च सुरुवातीपेक्षा साधारण एक टक्क्याने खालीच आला होता. हे रेगनवाल्यांना सांगायचा हक्क आहे आणि ते खरं आहे. आणि तिसरं म्हणजे सरकारचं आर्थिक वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे नवीन माणूस जानेवारीत खुर्चीवर बसला तरी सप्टेंबरपर्यंत बरंचसं बजेट आधीच्याचं चालू असतं. 2009 चं वर्ष तर महाभांडणाचं, साडेतीन ट्रिलियन खर्च, त्यातला बँका वाचवायचा कायदा बुशच्या सहीचा आणि स्टिम्युलस (मंदीवर उतारा म्हणून केलेला सरकारी खर्च) ओबामांचा. तिने ते कुणाच्या नावावर टाकलंय बघा, जरा गंमत म्हणून.

एवढं सगळं दुरुस्त केलं तरी तुमचा 2004 चा माणूस सुटत नाही हो. सॉरी. 2009 अजिबात धरू नका, 2001 ते 2008 एवढंच धरा, 1,863 बिलियनवरून 2,983 बिलियन, महागाई वजा करून 30 टक्क्यांच्या वर वाढ. आणि त्यांना मिळालं होतं शिलकीचं बजेट, 2001 ला 128 बिलियन शिल्लक होती! युद्धं झाली, ठीक आहे, 9/11 झालं, मान्य. पण शिक्षणाचा मोठा कायदा, 2002 चं फार्म बिल, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मेडिकेअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्यात, औषधांचा खर्च घालणारा कायदा, हे काही अल कायदाने करायला लावलं नव्हतं.

त्या औषधांच्या कायद्याचं मतदान मला अजून आठवतं, कारण त्या रात्री मला झोप नव्हती आणि टीव्ही चालू होता. 22 नोव्हेंबर 2003, पहाटे तीनच्या सुमाराला हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, मतदान सुरू झालं. एरवी 15 मिनिटांत संपतं. पंधरा मिनिटं झाली, पक्षाचेच लोक विरोधात, बिल पडतंय हे बोर्डावर दिसतंय, आणि अध्यक्ष हातोडा आपटतच नाहीत. एक तास गेला, दोन तास गेले, सभागृहात नुसते घोळके, कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून कुणी तरी समजावतंय, राष्ट्राध्यक्ष स्वतः पहाटे लोकांना फोन करतायत. सहाला थोडी मिनिटं कमी असताना दोन-तीन जणांनी मत फिरवलं, 220 विरुद्ध 215, हाणला लगेच हातोडा. म्हणजे ज्या मूठभर रिपब्लिकनांनी हे परवडणार नाही म्हणून पाय रोवले होते त्यांना त्यांच्याच पक्षाने रात्रभर जागवून वाकवलं. कायद्यावर डिसेंबरमध्ये सही झाली, 10 वर्षांचा खर्च 400 बिलियन सांगितला होता, आणि पुढच्या महिन्यातच प्रशासन म्हणालं की 534 लागतील. खर्चासाठी वेगळा टॅक्स? शून्य. (खरं ते सांगते, पुढे प्रत्यक्षात अंदाजापेक्षा बरंच कमी लागलं. पण मत देताना ते कुणाला माहीत होतं.) आणि हे सगळं तुम्ही पहिलं मत टाकायच्या वर्षभर आधी घडलेलं. वीटोचं म्हणाल तर बुशनी पहिला वीटो वापरला जुलै 2006 मध्ये, साडेपाच वर्षांनी, तोही खर्चावरून नाही, स्टेम सेलवरून.

आणि दादा, दोन वर्षांनी तुम्ही 65 चे होणार. तो औषधांचा पार्ट डी तुम्ही घेणार ना? घ्याच. मी घेतलाय. मी पण खर्च कमी करा म्हणणाऱ्यांतलीच आहे आणि महिन्याला बीपीच्या गोळ्या त्याच कायद्यावर आणते, तर आपण दोघं एकाच माळेचे मणी आहोत.

आता असं का होतं. याचं पुस्तकी उत्तर द्यायच्या आधी आमच्या टाउनहाउस असोसिएशनचं सांगते, कारण मला स्वतःला हे तिथे कळलं, वॉशिंग्टनकडे बघून नाही.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी बोर्डाची निवडणूक झाली आणि एक गृहस्थ एकाच मुद्द्यावर प्रेसिडेंट झाले, मेंटेनन्स फी एक डॉलर वाढवणार नाही. मी पण त्यांनाच मत दिलं. मग मला त्यांनी ट्रेझरर केलं कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. पहिल्या वर्षी फी वाढली नाही, सगळे खूश, दिवाळीच्या पार्टीत त्यांचा सत्कार. फी वाढली नाही पण बर्फ काढणाऱ्याचं काँट्रॅक्ट वाढलं, इन्शुरन्स वाढला, ते पैसे आम्ही रिझर्व्ह फंडातून काढले. मला वाटलं होतं की आता पैसे तंग आहेत तर लोक हात आखडता घेतील. झालं उलटंच. मीटिंगला लोक जास्त मागायला लागले! स्विमिंग पूलला हीटर हवा, क्लबहाउसचं फर्निचर जुनं झालं, मुलांच्या खेळायच्या जागेत रबरी फ्लोअरिंग हवं. का नाही मागणार, फी तर वाढतच नाहीये, म्हणजे सगळं फुकटच. मी एकदा विचारलं की हीटरसाठी घरटी महिन्याला अकरा डॉलर द्यायला कोण तयार आहे हात वर करा, तर चार हात वर आले, आणि तरीही हीटर बसला, कारण अकरा डॉलर कुणाकडे मागितलेच नाहीत, रिझर्व्हमधून झालं. चौथ्या वर्षी छपरं करायची वेळ आली आणि फंडात पैसे नाहीत, मग घरटी सहा हजारांची स्पेशल असेसमेंट, आणि ते गृहस्थ तोपर्यंत घर विकून फ्लोरिडाला. शिव्या कुणी खाल्ल्या ते विचारू नका.

बरोबर हीच गोष्ट विल्यम निस्कॅनन नावाच्या अर्थतज्ज्ञाने फेडरल बजेटच्या आकड्यांतून काढली होती. हा माणूस डावा वगैरे नाही बरं का, रेगनच्या आर्थिक सल्लागार मंडळावर होता. तेव्हा थिअरी अशी होती की टॅक्स कमी करा, सरकारकडे पैसाच आला नाही की खर्च आपोआप आटोक्यात येईल, श्वापदाला उपाशी ठेवा म्हणजे ते रोडावेल. निस्कॅननने 1981 पासूनचे आकडे लावून बघितले तर टॅक्सचं प्रमाण घटलं की खर्च कमी होत नव्हता, वाढत होता. त्याचं म्हणणं साधं होतं, 100 रुपयांची वस्तू लोकांना 80 ला मिळतेय असं वाटलं की ते जास्त घेणार. (डॉलर म्हणा, सवयीने रुपये लिहिलं.) राहिलेले 20 उधारीवर, आणि उधारी फेडणारा अजून शाळेत जातोय. राज्यांच्या पातळीवर हा खेळ लांबत नाही कारण राज्यांना बजेट जुळवावं लागतं, कॅन्ससने 2012 ला दणकून टॅक्स कापले आणि 2017 ला तिथल्या रिपब्लिकन विधिमंडळानेच आपल्या गव्हर्नरचा वीटो मोडून ते परत लावले, पाच वर्षांत बिल आलं. वॉशिंग्टनला ते बिल पुढे ढकलता येतं. म्हणून काटकसरीचा अर्थ तिथे हळूहळू फक्त टॅक्स कमी करणे एवढाच उरलाय, खर्चाचा अर्धा भाग कुणाच्या जाहिरनाम्यातसुद्धा धड नसतो.

बरं, समजा एखादा खरंच प्रामाणिक आला. तो कापणार कुठे? तुमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगते. 2024 च्या वर्षात सरकारने जे 6.75 ट्रिलियन खर्च केले त्याचे 100 डॉलर समजा. त्यातले 21-22 सोशल सिक्युरिटी, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांचं सरकारी पेन्शन. 13 मेडिकेअर. 9 मेडिकेड, गरिबांचा आरोग्य विमा. 13 नुसतं व्याज, आणि हे व्याज त्या वर्षी लष्करापेक्षा जास्त झालं. 12-13 लष्कर. माजी सैनिकांच्या पेन्शनी, फूड स्टॅम्प, टॅक्स क्रेडिट असलं आपोआप चालणारं आणखी 16 एक. उरले किती? 14. शाळा, रस्ते, विमानतळ, एफबीआय, हवामान खातं, नासा, कोर्टं, नॅशनल पार्क, सगळं त्या 14 मध्ये. भाषणं सगळी या 14 वर असतात. परदेशी मदतीवर तर तावातावाने बोलतात, ती 100 मधला एखादा डॉलर. आणि मोठे जे डबे आहेत ते दरवर्षी कुणी मंजूर करत नाही, कायदा आहे तोवर ते चालू, सोशल सिक्युरिटी तर 1975 पासून महागाईप्रमाणे आपोआप वाढते. म्हणजे कुणी काहीही न करता, नुसतं खुर्चीवर बसून राहिलं तरी खर्च वाढतो. लोक म्हातारे होतायत, तुम्ही आणि मी धरून.

म्हणूनच ते डोजचं, ट्रम्प सरकारच्या खर्चकपातीच्या मोहिमेचं, झालं ते झालं. ऑक्टोबर 2024 मध्ये इलॉन मस्क भर सभेत म्हणाले की वर्षाला 2 ट्रिलियन वाचवतो. अहो, काँग्रेस (इथली संसद) दरवर्षी जेवढं मंजूर करते तेवढं सगळं मिळून, लष्करासकट, 1.8 ट्रिलियन आहे! पेंटॅगॉनला कुलूप, एफबीआयला कुलूप, सगळ्या विमानतळांचे टॉवर बंद, तरी 2 ट्रिलियन भरत नाहीत. मग ते 1 ट्रिलियनवर आले, मग त्याहून खाली. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, ऑफिसं रिकामी झाली, टीव्हीवर करवत दाखवून झाली, आणि 2025 चं वर्ष संपलं तेव्हा एकूण खर्च आदल्या वर्षापेक्षा जास्तच, 7 ट्रिलियनच्या घरात. त्याच उन्हाळ्यात 4 जुलैला जो मोठा कायदा सही झाला त्याने 10 वर्षांत तूट 3.4 ट्रिलियनने वाढेल असा काँग्रेसच्या बजेट ऑफिसचा अंदाज आहे. बोलाची कढी आणि बोलाचाच भात, पण वाढपी मात्र खरे.

गैरव्यवहार नसतात असं नाही हं. सरकारचं स्वतःचं ऑडिट ऑफिस दरवर्षी सांगतं, चुकीची पेमेंट्स 2024 ला 162 बिलियन. छोटी रक्कम नाही. पण त्यातली बरीच मेडिकेअर-मेडिकेडमधली, आणि बरीचशी कागद अपुरा होता या प्रकारातली, चोरी म्हणता येणार नाही अशी. ते सगळं पकडलं तरी 100 डॉलरमधले अडीच.

आता एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही पण पोरीच्या चार्टमध्ये ती सगळ्यात इंटरेस्टिंग आहे. खर्चाला खरा लगाम बसला ती वर्षं शोधा. 1998 ते 2001 चार वर्षं लागोपाठ बजेट शिलकीत, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन, काँग्रेस रिपब्लिकन, आणि पाया घातलेला 1990 च्या कराराने, जो थोरल्या बुशनी नवीन टॅक्स नाही हे स्वतःचं वचन मोडून केला आणि 1992 ला हरून किंमत मोजली. (माझ्या मते गेल्या 50 वर्षांतला सगळ्यात काटकसरी निर्णय तो होता आणि त्यालाच पक्षाने गद्दारी म्हटलं.) मग 2011, ओबामा राष्ट्राध्यक्ष, हाउस रिपब्लिकनांकडे, कर्जमर्यादेवरून खडाजंगी, त्यातून खर्चावर कॅप, म्हणजे मर्यादा, आल्या आणि 3.6 ट्रिलियनचा खर्च 2013 ला 3.45 वर आला. महागाई वगैरे काही वजा न करता, सरळ डॉलरमध्ये कमी. असं क्वचित होतं. आणि मग 2018, आता राष्ट्राध्यक्ष, हाउस, सिनेट तिन्ही तुमच्या पक्षाचे, तर फेब्रुवारीत त्याच कॅप दोन वर्षांसाठी 300 बिलियनच्या आसपास वर उचलल्या. रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल एकटे त्या रात्री सिनेटमध्ये उभे राहून बोलत बसले की ओबामांच्या तुटीविरुद्ध मी निवडून आलो, आता आपल्याच लोकांच्या तुटीला हो कसं म्हणू, त्यात सरकार काही तास बंद पडलं, पहाटे बिल पास. 2019 ला कोविड नाही, मंदी नाही, बेकारी साडेतीन टक्के, आणि तूट 984 बिलियन.

म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. समोरचा खर्च करायला लागला की यांना काटकसर आठवते, आणि खरंच आठवते, खोटं नाही ते, त्यावेळी ते अडवतातही. खुर्ची आपल्याकडे आली की तोच खर्च गुंतवणूक होतो. डेमोक्रॅट काय संत आहेत अशातला भाग नाही, फक्त ते तुम्हाला काटकसरीचं वचन देऊन मत मागत नाहीत त्यामुळे तुमची फसवणूक तिकडून होत नाही एवढंच.

मग फसवला गेलात का? निम्मे. निम्मं तुम्हाला हवं ते ऐकायला मिळत होतं आणि तुम्ही रकाना उघडला नाहीत, जे तुम्ही क्लायंटच्या बाबतीत कधीच केलं नसतं. आणि करून दाखवलेले लोक आहेत, होत नाही असं नाही. राष्ट्राध्यक्ष कूलिज होते 1923 ते 29, बजेट डायरेक्टरला घेऊन बसायचे आणि खातं-खातं पेन्सिलीपर्यंत तपासायचे, खर्च ते आले तेव्हा 3.1 बिलियन, ते गेले तेव्हाही 3.1 बिलियन. सैनिकांच्या बोनसला वीटो केला, काँग्रेसने तो मोडला. स्वतःच्या पक्षाच्या शेतकरी पट्ट्याला हवं असलेलं बिल दोनदा परत पाठवलं. अर्थात तेव्हा सोशल सिक्युरिटी नव्हती, मेडिकेअर नव्हतं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी कोरियाचं युद्ध संपल्यावर खर्च 76 वरून 68 बिलियनवर आणला आणि पक्षातले लोक टॅक्स कमी करा म्हणून मागे लागले तर म्हणाले आधी बजेट जुळू दे. हे दोघं नाही म्हणाले ते आपल्याच माणसांना.

पुढच्या मताचं त्यावरूनच ठरवा. उमेदवार न्यू जर्सीत तुमच्या भागात येतील, टाउन हॉल होतील, जा आणि माइक मिळाला तर विचारा की साहेब कमी म्हणजे कशापेक्षा कमी, गेल्या वर्षीपेक्षा की अंदाजापेक्षा? कारण वॉशिंग्टनमध्ये खर्च 100 वरून 110 होणार होता आणि 107 झाला तर एक पार्टी त्याला बचत म्हणते आणि दुसरी कपात म्हणते, 1995 ला मेडिकेअरची वाढ 270 बिलियनने रोखण्यावरून हीच मारामारी झाली आणि सरकार दोनदा बंद पडलं. मग विचारा की तुमच्याच मतदारांना मिळणारी कुठली गोष्ट तुम्ही कमी कराल, एकच नाव सांगा. वेस्ट, फ्रॉड, अब्यूज असं उत्तर आलं की समजा हीटर बसणार आणि छप्पर गळणार. जे आधीच काँग्रेसमन असतील त्यांचं तर मतदान उघडं असतं, आपला राष्ट्राध्यक्ष असताना मोठ्या खर्चाच्या बिलावर ते काय बोलले ते सोडा, बटण कुठलं दाबलं ते बघा. आणि तिकीट विभागून मत द्यायचं मनात आलं, राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि हाउस दुसऱ्याचं, तर पक्षद्रोह केला असं वाटून घेऊ नका, तुमचा मुद्दा खरंच खर्च हा असेल तर आकडे तरी त्याच बाजूचे आहेत. तुमचा मुद्दा दुसराच काही असेल, इमिग्रेशन म्हणा, न्यायाधीश म्हणा, तर तसं मत द्या, पण मग स्वतःशी तरी काटकसरीचं नाव घेऊ नका.

राहिली पोरगी. फोनवर लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका, तुम्ही बाप लोक माफी मागताना पण लेक्चर देता (माझे वडील द्यायचे, अर्धा तास). सरळ म्हणा, आकडे बरोबर होते, मी फेक म्हणालो ते चुकलं. बस. पुढे पण, तरी, असं काही जोडू नका. तिने 26 व्या वर्षी सुट्टीत बसून तुमच्यासाठी बजेटचे तक्ते उतरवले, दादा, बाकीच्यांची पोरं फोनमध्ये तोंड घालून बसलेली असतात, ही तुमच्यावरच गेली आहे आणि तुम्ही तिला वर पाठवलंत. चार दिवस जाऊ देत, मग तिला सांगा की ती फाइल मला पाठव, मी महागाईचा एक कॉलम घालतो आणि जीडीपीच्या टक्क्यांचा एक, तू हाउस आणि सिनेट कुणाकडे होतं त्याचा घाल. 2009 कुणाच्या नावावर टाकायचं यावरून तुमचं भांडण होणारच आहे, ते होऊ द्या, फक्त या वेळी जेवणं झाल्यावर.